अव्वाचा वॉर्ड, अप्पांच्या भाकऱ्या

आमचं घर दोन खोल्यांचं होतं आणि दोन्ही खोल्यांना ज्वारीच्या पिठाचा वास होता. पुढच्या खोलीत पिठाचे डबे, आतल्या खोलीत चूल आणि चुलीपुढं माझी आई. आम्ही तिला अव्वा म्हणायचो. आम्ही राहायला शहरात, पण मूळचे मंद्रूपचे, आणि तिकडं कानडीचा असा थोडा हात घराघरांत असतोच. अव्वा कडक भाकऱ्या करायची, विकायला. हाताएवढी पातळ भाकरी तव्यावर भाजायची आणि मग निखाऱ्यांच्या कडेनं उभी करून ठेवायची, आतलं पाणी पार जाऊन ती पापडासारखी वाजेपर्यंत. अशी भाकरी महिनाभर टिकते. आमच्या भाकऱ्या एसटी स्टँडजवळच्या एका दुकानात जायच्या आणि दुसरी पाटी अक्कलकोटला, मठाच्या वाटेवरच्या दुकानात. तिथून लोकांच्या पिशव्यांत बसून त्या पुण्याला नि हैदराबादला पोचायच्या. अव्वा स्वतः मंद्रूप आणि हे शहर यांच्या पलीकडं फारशी गेलेली नव्हती. दुपारी आमचं जेवण म्हणजे त्यातल्याच तुटक्या भाकऱ्या, शेंगांची चटणी, दही आणि कधी येणगाई, म्हणजे भरलं वांगं. मी आजवर पुष्कळ ठिकाणी जेवले, पण त्या चटणीवर तेलाची धार सोडून अव्वा जे ताट पुढं सरकवायची, त्याची सर कशालाच नाही. हे मी कौतुकानं सांगत नाही, खरं तेच सांगते.

अप्पा, माझे वडील, यंत्रमागावर चादरी विणायचे. पण कुणी विचारलं की काय करता, तर ते म्हणायचे, पक्षाचं काम करतो. आणि करायचेही. सभा असली की सतरंज्या टाकायच्या, सभा झाली की झटकून उचलायच्या, पक्षाचे साहेब आले की गर्दी बाजूला सारायची. आमच्या वॉर्डात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी यायचं, तेही करंगळीएवढं. रिकाम्या घागरी घेऊन महापालिकेवर जेवढे मोर्चे गेले, त्या प्रत्येकात अप्पा पुढं होते. पण पुढं म्हणजे फाटकापर्यंत. आतल्या सभागृहात त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. एकदा निवेदन द्यायला जिन्यावर गेले तेव्हा दार किलकिलं होतं, तेवढ्यात त्यांनी आत पाहिलं: गोलाकार मांडलेल्या खुर्च्या, प्रत्येक खुर्चीपुढं माइक. ते वर्णन आम्ही किती वेळा ऐकलं असेल. त्यांचं एकच होतं, त्यातल्या एका खुर्चीवर बसायचं आणि पाण्यावर बोलायचं. जेवताना घास हातात तसाच धरून ते बोलायला लागायचे, अव्वा म्हणायची, आधी जेवा, मग महापालिका चालवा.

त्या वर्षी साहेबांनी शब्द दिला होता की तिकीट अप्पांना. मग वॉर्डांच्या आरक्षणाची सोडत निघाली. चिठ्ठ्या काढतात ना, तशी. अप्पा दुपारी परत आले आणि उंबऱ्यावरच बसले, पायातल्या चपला न काढता. अव्वानं पाण्याचा तांब्या ठेवला. ते म्हणाले, "महिला पडलं." बस, तेवढंच. आमच्या वॉर्डातून आता बाईच उभी राहणार होती. आज मी या आरक्षणाच्या बाजूनं कुणाशीही भांडेन, पण त्या दुपारी उंबऱ्यावर बसलेला तो माणूस मला अजून दिसतो. वीस वर्षं सतरंज्या उचललेला माणूस.

दोन दिवसांनी साहेबांचा निरोप आला, तुमची मंडळी उभी करा. अप्पांच्या अंगात एकदम जीव आला. त्यांच्या लेखी प्रश्न सुटला होता. नाव हिचं, काम आपलं. सगळीकडं तसंच चालतं. अव्वाला त्यांनी सांगितलं की सही करायची, हात जोडायचे, बाकी बघायला मी आहे. अव्वानं भाकरी उलटली आणि विचारलं, आणि ह्या कोण करणार? अप्पा तोवर पत्रकं छापायला द्यायला निघाले होते. पत्रकं छापून आली, त्यांवर अप्पांचा फोटो तळहाताएवढा आणि अव्वाचा पोस्टाच्या तिकिटाएवढा. अव्वा ते पत्रक निरखून म्हणाली, बरा आलाय फोटो तुमचा.

आता आमच्या वॉर्डाची गंमत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. पुरुष माणसं दिवसभर मागांवर. बायका घरी, सूप मांडीवर घेऊन विड्या वळत. तेलुगू बोलणारी घरं निम्मी, मग मुसलमानांची, मग आमच्यासारखी. मतं होती ती दुपारी घरात बसलेल्या बायकांकडं, आणि दुपारी अप्पा, मागावरचं काम निवडणुकीपुरतं सोडून, पक्षाची चार पोरं घेऊन दारं ठोठवत फिरायचे. कोण बाई दार उघडणार? फटीतून उत्तर यायचं, मालक घरात नाहीत, संध्याकाळी या. संध्याकाळी गेलं तर मालक म्हणायचे, आमच्या बायकांचं बायकांना विचारा. आठवडाभर अप्पा असे बंद दारांना हात जोडून आले. शेवटी समोरची लक्ष्मक्का, जिच्या ओट्यावर मी लहानाची मोठी झाले, तिनं विडीचा दोरा दातानं तोडत त्यांना तोंडावर सांगितलं, "मत तुमाला हाय का तिला हाय? तिला हाय तर तिला पाठवा की. ती मुकी हाय का?"

माझी मुलगी अमेरिकेत असते, मोठ्या शहरात. मागच्या महिन्यात तिचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा तिच्याकडंही नगरसेवकांची निवडणूक चालू होती. सांगत होती, आई, एक बाई एकटीच दारावर आली, बेल वाजवली, पायरीवर उभी राहून विचारलं की तुमच्या रस्त्याची काय अडचण आहे. ना रिक्षा, ना गुलाल, ना मागं नवरा. लेकीला याचं फार अप्रूप. मी विचारलं, ती अशी दारोदार फिरते तेव्हा तिच्या घरी स्वयंपाक कोण करतं? लेक हसली. मला खरंच उत्तर हवं होतं.

कारण आमच्या घरात सगळं अडलं ते तिथंच. लक्ष्मक्काच्या बोलण्यानंतर अप्पांनी रात्री जेवताना जाहीर केलं की उद्यापासून अव्वानं दुपारचं वॉर्डात फिरायचं. भाकऱ्या नंदा करेल. नंदा म्हणजे मी. कॉलेज निवडणुकीपुरतं बंद. दुकानदारांचा माल चुकवून चालणार नव्हतं. चार दिवस पाटी गेली नाही की ते दुसऱ्या बाईकडून घेतात आणि मग परत विचारत नाहीत. हे सगळं बरोबरच होतं. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. परीक्षा दोन महिन्यांवर आणि हजेरी आधीच काठावर. आमच्या घराण्यात माझ्याआधी मॅट्रिकही कुणी झालेलं नव्हतं. गल्लीतल्या बायका मी वह्या छातीशी धरून निघाले की विड्या वळायच्या थांबून बघायच्या. मी मान खाली घालून बसले. अप्पांपुढं बोलायची आमची रीत नव्हती, आणि त्यांच्या त्या खुर्चीची किंमत मलाही माहीत होती. माझं वर्ष गेलं तर गेलं, असंच मी मनाशी ठरवायला लागले होते.

अव्वानं अप्पांच्या ताटात ताक वाढलं. मग अगदी हळू, जसं मीठ हवंय का विचारावं तसं, ती म्हणाली, "उद्या अर्ज मागं घ्यायचा शेवटचा दिवस हाय न्हवं?"

अप्पांनी वर पाहिलं.

"पोरीचं कालेज एक दिवस जरी बुडलं, तरी मी जाऊन अर्ज मागं घेती. कागद कुटं द्यायचा ते मी इचारून ठेवलंय."

अप्पा पुष्कळ बोलले. इतक्या वर्षांचं काम, साहेबांचा शब्द, लोक काय म्हणतील. आवाज चढला, मग उतरला. अव्वा भांडायची नाही, तिचं सांगून झालं की ती भांडी आवरायला घ्यायची, आणि त्या रात्री तिनं भांडी आवरायला घेतली होती. अप्पा ओट्यावर जाऊन बसले. मी अंथरुणात जागी होते. मला वाटत होतं, आपल्यामुळं आज या घरातलं काहीतरी मोडतंय.

सकाळी उठून पाहते तर अप्पा चुलीपुढं. धोतराचा काचा मारलेला, समोर काठवट, काठवटीत पिठाचा डोंगर. अव्वा नवं लुगडं नेसून दारात उभी, हातात पत्रकांची पिशवी. तिनं मला डोळ्यांनी खुणावलं, आवर, उशीर होतोय. आणि आम्ही दोघी, ती मतं मागायला आणि मी कॉलेजला, एकदमच घराबाहेर पडलो. गल्लीच्या टोकाला ती म्हणाली, पाणी आधणाचं घ्यायचं सांगायचं राहिलं बघ.

ते राहिलंच होतं. ज्वारीच्या पिठाला उकळतं पाणी लागतं, त्याशिवाय ते धरत नाही. अप्पांना वाटलं, पाणी म्हणजे पाणी. त्यांनी माठातलं ओतलं. मी दुपारी आले तेव्हा तव्यावर, परातीत, जमिनीवर नुसते तुकडे. त्यांच्या मिशांना पीठ, कोपरापर्यंत पीठ, आणि तोंड असं की आत्ता रडेल. मी दप्तर ठेवून बाह्या सरसावल्या तर ओरडले, हात लावू नको म्हणून. तुझी आई अर्ज मागं घेईल. मी म्हटलं, अप्पा, मुदत संपली आता, तीन वाजून गेले. ते म्हणाले, "कचेरीची मुदत संपली असंल. तुझ्या आईची कवा संपती मला म्हाईत न्हाई." त्या दिवशी दुकानांना पाटी गेली नाही. दोन दिवस आम्ही ते तुकडे आमटीत कुस्करून खाल्ले. अव्वा पायांना तेल चोळत, गालात हसत, दर घासाला छान झालंय म्हणायची.

मग हळूहळू त्यांचा हात बसला. अव्वा पहाटे आधण ठेवून जायची, पहिला उंडा मळून द्यायची, पुढचं अप्पांचं. गोल कधी आल्या नाहीत, पण पातळ यायला लागल्या. स्टँडवरच्या दुकानदारानं विचारलं, बाई बदलली काय? मी म्हटलं, हो. फक्त एक होतं. अप्पा पुढचं दार लावून घ्यायचे, आतून कडी. धुरानं खोली भरायची, डोळ्यांतून पाणी वाहायचं, पण दार उघडायचे नाहीत. कुणी आलं तर मी सांगायचं, अप्पा प्रचाराला गेलेत. मोर्चात लाठी खाल्लेला माणूस, पण गल्लीनं आपल्याला भाकरी थापताना पाहावं हे त्याला सोसणारं नव्हतं.

अव्वाचं तिकडं चांगलं चाललं होतं. ती भाषण वगैरे काही करायची नाही. जिच्या घरी जाईल तिच्या सुपातलं एक पान उचलायची आणि विडी वळायला बसायची. वळता वळता नळाचं निघायचं, संडासाचं निघायचं, दवाखान्याचं निघायचं. तिला जमेल तेवढं तेलुगू, नाहीतर कानडी, नाहीतर हात. संध्याकाळी येऊन ती अप्पांना सगळं सांगायची, कुठल्या बोळात पाणी चढत नाही, कुठं खांबावर दिवा नाही. अप्पा थक्क व्हायचे. हे सगळं त्यांना आपल्याला माहीत आहे असंच वाटत होतं.

अव्वाच्या विरोधात एका कारखानदाराची बायको उभी होती. वॉर्डातले निम्मे पुरुष त्या कारखानदाराच्या मागांवर कामाला. लोक तिला वहिनी म्हणत. वहिनी जीपमध्ये हात जोडून उभ्या, बोलायचं काम मालकांचं. त्यांना अप्पांच्या कडीमागचं कसं कळलं कोण जाणे. धूर तर लपत नाही. पानटपरीवर आधी सुरुवात झाली, काय अप्पा, चार भाकऱ्या बांधा की आमाला पण. अप्पांनी टपरीवर जाणं सोडलं. आणि मतदानाच्या आधीच्या आठवड्यात एका दुपारी वहिनींची प्रचाराची रिक्षा आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली. मी नुकतीच कॉलेजातून आले होते. माइकवरून आधी वहिनींचं नाव झालं, चिन्ह झालं. मग बोलणाऱ्याचा सूर बदलला.

"माता-भगिनींनो, इचार करा. ज्या घरात बाप्या भाकरी थापतो आन बाई गावभर फिरती, त्या घराच्या हातात वॉर्ड देणार का?"

रिक्षा हलेना. तेच पुन्हा, तेच पुन्हा. अप्पांचे हात पिठात होते, ते तसेच थांबले. तव्यावरची भाकरी जळायला लागली, ती मी काढली. ते उठले, हात धुतले, पंच्यानं पुसले. मला वाटलं, आता हे काठी घेऊन जाणार, मारामारी होणार, पोलीस येणार, अव्वाची निवडणूक गेली. अप्पांनी कडी काढली. दार सताड उघडलं. मग परत आत आले आणि मला म्हणाले, "काठवटीची ती बाजू धर."

आमची दुसरी चूल लोखंडी होती, उचलून नेता येणारी. आम्ही ती ओट्यावर मांडली. काठवट मांडली. अप्पांनी आतले निखारे आणले, आधणाचं पातेलं आणलं, आणि भर दुपारी, सगळ्या गल्लीच्या समोर, मांडी घालून ते भाकरी थापायला बसले. माइक चालूच होता. पण त्यांनी वर पाहिलं नाही. दारादारांतून बायका बाहेर आल्या. कुणी हसेना. मी मागं उंबऱ्यात उभी होते.

सगळ्यात आधी आल्या नसीमखाला, पलीकडच्या बोळातल्या. त्या कंबरेवर हात ठेवून बराच वेळ अप्पांच्या हाताखालची भाकरी बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "भाई, किनारे फट रहे ना. ऐसा नक्को करो, हथेली से दबाओ." आणि शेजारी बसून त्यांनी करूनच दाखवलं. लक्ष्मक्का आपलं सूप घेऊन आली आणि ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसली. तिच्यामागून तिची सून. मग रिक्षाकडं बघून नसीमखालांनी हाक मारली, "क्या रे सलीम, तेरे घर में रोटी कौन पकाता? बोल ना माइक पे." रिक्षा चालवणारा सलीम त्यांच्याच बहिणीचा मुलगा, भाड्यानं आलेला. त्यानं माइकवाल्याला काहीतरी सांगितलं, आवाज बंद झाला, आणि रिक्षा उलटी उलटी मागं गेली. तेव्हा कुठं गल्ली हसली. अप्पाही हसले, मिशांत पीठ तसंच.

त्या दिवशी अव्वा फिरून आली तेव्हा तिच्या ओट्यावर वॉर्डातल्या इतक्या बायका बसल्या होत्या की तिला चपला काढायला जागा मिळेना. पुढचे सगळे दिवस प्रचार तिथंच झाला. पलीकडच्या वॉर्डातूनही बायका भाकरी थापणारा माणूस बघायला यायच्या, बघून झाल्यावर अव्वाशी बोलत बसायच्या. अप्पा त्या बोलण्यात पडायचे नाहीत. त्यांना पडायचं असायचं, मला दिसायचं, पण तव्यावर भाकरी असायची. मी मात्र एक दिवसही घरी राहिले नाही. मी पदवीधर झाले ती त्या दिवसांच्या जोरावर, हे मी पुढं नोकरीच्या मुलाखतीतही सांगितलं होतं. मुलाखत घेणाऱ्यांना ते विषयाला सोडून वाटलं. मला नाही वाटलं.

अव्वा निवडून आली. फार फरकानं नाही, पण आली. गुलालाची आणि मिरवणुकीची वर्णनं मी करत बसत नाही, ती सगळीकडं सारखीच असतात. मला सांगायचंय ते पहिल्या सभेच्या दिवशीचं. अप्पांनी खादीचा एक झब्बा कधीचा शिवून ट्रंकेत ठेवलेला होता, आपण निवडून येऊ त्या दिवसासाठी. तो त्यांनी घातला. त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. आम्ही तिघं महापालिकेच्या फाटकाशी उतरलो. निवडून आलेल्या बायका येत होत्या आणि प्रत्येकीबरोबर नवरा होता. काहींच्या तर नवराच पुढं, बाई मागं. फाटकावरच्या शिपायानं अप्पांना ओळखलं. किती मोर्चे त्यानं अडवले होते. त्यानं सलाम केला आणि म्हणाला, अप्पा, या की आत, सगळ्या मालकांनी बायकांच्या शेजारी खुर्च्या टाकल्यात, कोण काय बोलत नाही.

अव्वाही म्हणाली, "चला की. येवढ्या वर्साचं तुमचं हाय."

ती मनापासून म्हणत होती. तिला एकटीला आत जायची भीतीही वाटत असणार, पदराचं टोक ती बोटाला गुंडाळत होती. अप्पांनी जिन्याकडं पाहिलं. वर ते दार आज पूर्ण उघडं होतं. ते दोन पावलं पुढं गेले आणि थांबले.

"न्हाई," ते म्हणाले. "मी शेजारी बसलो की मीच बोलणार. माझं मला म्हाईत हाय. तू जा."

अव्वा गेली. जिन्याच्या वळणावर तिनं एकदा मागं पाहिलं. मी अप्पांना म्हटलं, घरी जाऊ या. पण ते अंगणातल्या कडुलिंबाच्या पारावर, वरच्या खिडक्यांखाली जाऊन बसले. खिडक्यांतून माइकचे आवाज येत होते, सगळे पुरुषांचे, एकामागं एक. अप्पा झब्ब्याच्या बाह्या नीट करत होते, पुन्हा पुन्हा त्याच. आणि मग अव्वाचा आवाज आला. माइकवरचा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता, तरी लगेच ओळखला. शब्द कळत नव्हते. मध्येच थांबत होती, पुन्हा सुरू करत होती. अप्पांनी मान खाली घातली, डोळे मिटले.

"सावकाश," ते पुटपुटले. "सावकाश बोल. कोण न्हाई घाई करत."